खुर्ची कुठे गेली?

वाचकहो, सिनेमातील चूक पकडण्यात जी मजा आहे ती सिनेमा पाहण्यातही नाही, असे मानणारी माणसे घरोघरी असतात. हीरो नदीत पडला, मग बाहेर आला तेव्हा त्याचे केस कोरडे कसे? मारामारीत फाटलेला शर्ट पुढच्या गाण्यात शिवून कोणी दिला? पोरे ओरडतात, आई हसते आणि वडील म्हणतात, "अरे सिनेमा आहे तो, गप बघा." वाद तिथेच मिटतो.

पण एक इंग्रजी भयपट असा आहे की त्यातील चुकांचा वाद चाळीस वर्षे उलटून गेली तरी मिटलेला नाही. 'द शायनिंग' हे त्याचे नाव. तो १९८० साली पडद्यावर आला. दिग्दर्शक स्टॅनले कुब्रिक. मूळ कादंबरी स्टीफन किंग यांची, १९७७ सालची. एका बाजूचे लोक म्हणतात, या सिनेमात चुकाच चुका आहेत. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, कुब्रिक यांच्या हातून चूक होणेच शक्य नाही. जी चूक वाटते तिच्या पोटात गुप्त अर्थ आहे. या वादात आज आम्ही पडणार आहोत. भुताखेतांवर आमचा विश्वास नाही, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पण भुताच्या सिनेमावरून माणसे विचार कसा करतात आणि विचार करणे कसे सोडून देतात, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

आधी गोष्ट थोडक्यात. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात ओव्हरलुक नावाचे मोठे हॉटेल आहे. हिवाळ्यात बर्फ पडून रस्ते बंद होतात, म्हणून हॉटेलही बंद असते. त्या काळात राखण करण्याची नोकरी जॅक टॉरन्स हा माणूस पत्करतो. पूर्वी मास्तर होता, आता लेखक व्हायचे आहे. बरोबर बायको वेंडी आणि लहान मुलगा डॅनी. मॅनेजर त्याला आधीच सांगतो की पूर्वीच्या एका राखणदाराने इथेच बायकोचा आणि दोन मुलींचा खून करून स्वतःला संपवले होते. पुढे जॅकचेही डोके फिरते आणि तो कुऱ्हाड घेऊन बायकोपोराच्या मागे लागतो. जॅकचे काम जॅक निकल्सन यांनी, वेंडीचे शेली डुव्हाल यांनी आणि मुलाचे डॅनी लॉइड याने केले आहे. सिनेमा मोठ्यांसाठी आहे. लहान मुलांना घेऊन तो लावू नये, एवढे आम्ही इथेच सांगून ठेवतो.

आता पहिली चूक. जॅक मोठ्या दिवाणखान्यात टंकलेखन करीत बसला आहे. वेंडी येऊन बोलू लागते, तो तिच्यावर खेकसतो. जॅकच्या पाठीमागे भिंतीशी एक खुर्ची आहे. कॅमेरा वेंडीकडे जातो, परत जॅककडे येतो, तर खुर्ची गायब! थोड्या वेळाने पाहावे तर ती पुन्हा जागेवर. एक पक्ष म्हणतो, निष्काळजीपणा. दुसरा पक्ष म्हणतो, हॉटेल झपाटलेले आहे, खुर्ची भुताने हलवली आणि कुब्रिक यांनी ती मुद्दाम हलवायला लावली.

यात खरे कोणाचे, हे ठरवायचे तर सिनेमा बनतो कसा हे माहीत हवे. दोन माणसांचे दोन मिनिटांचे बोलणे पडद्यावर सलग दिसते, पण ते सलग टिपलेले नसते. आधी एकाचा चेहरा टिपतात. मग कॅमेरा आणि दिवे हलवून दुसऱ्याचा. दिवे हलवायचे म्हणजे खुर्च्या-टेबले बाजूला काढायची. मध्ये जेवणाची सुट्टी, कधी मध्ये रात्र. एकेक दृश्य पुन्हा पुन्हा करून घेण्याबद्दल तर कुब्रिक प्रसिद्धच होते. शेवटी संकलन करताना ज्या तुकड्यात नटाचे काम उत्तम झाले तो तुकडा घेतात. मागची खुर्ची पाहून कोणी तुकडा निवडत नाही.

सगळे जागच्या जागी आहे की नाही हे पाहायला सेटवर एक स्वतंत्र माणूस असते, आणि पुष्कळदा ती बाई असते. या कामाला कंटिन्युइटी म्हणतात. 'द शायनिंग'च्या श्रेयनामावलीत या कामापुढे जून रँडल हे नाव आहे. सिगारेट किती जळाली होती, पेला कोणत्या हातात होता, कॉलरचे बटण लावलेले होते की उघडे, हे सारे टिपून ठेवायचे आणि झटपट निघणारे फोटो काढून ठेवायचे, अशी त्या काळी या कामाची रीत होती. हे काम चोख झाले तर त्याची कोणी दखल घेत नाही. एक गोष्ट सुटली की जग बोट दाखवते. घर चालवणाऱ्या आमच्या मायबहिणींना हा अनुभव नवा नाही. 'द शायनिंग'चे चित्रीकरण इंग्लंडमधील एल्स्ट्री स्टुडिओत १९७८ साली सुरू झाले आणि १९७९ पर्यंत चालले. मध्येच स्टुडिओत आग लागून सेटचे नुकसान झाले. अशा लांबलेल्या कामात एखादी खुर्ची इकडची तिकडे झाली, तर त्यात नवल ते काय?

पण म्हणून प्रत्येक विसंगती चूकच, असे म्हणणेही आळशीपणाचे होईल. आम्ही तीन प्रश्न विचारतो. पहिला, ही गोष्ट आपसूक झाली असेल, की ती होण्यासाठी कोणाला तरी मुद्दाम काम करावे लागले असेल? दुसरा, ती एकदाच होते की पुन्हा पुन्हा? तिसरा, प्रत्यक्ष हजर असलेला साक्षीदार काय सांगतो?

खुर्चीला हे प्रश्न विचारा. खुर्ची सरकायला मुद्दाम काही करावे लागत नाही. ती एकाच प्रसंगात नाहीशी होते. सिनेमातील एकही पात्र तिच्याकडे पाहत नाही, घाबरत नाही. भुताने खुर्ची हलवली आणि कोणाला पत्ताच नाही, तर भुताने कष्ट कशाला घेतले? आमच्या मते ती साधी चूक आहे. बाथरूमच्या दाराचेही तसेच. जॅक कुऱ्हाडीने दाराची एक फळी फोडून तोंड आत घालतो. पुढे पाहावे तर दोन्ही फळ्या फुटलेल्या. दुसरी कधी फोडली हे आपल्याला दाखवलेले नाही. जोडणीत राहून गेलेला तुकडा, दुसरे काही नाही.

आता हेलिकॉप्टर घ्या. सुरुवातीला डोंगरातून जाणारी छोटी पिवळी मोटार आकाशातून दिसते. ते रस्ते मोंटाना राज्यातील ग्लेशियर नॅशनल पार्कमधील आहेत. टीव्हीच्या जुन्या चौकोनी पडद्यावर पाहिले तर खाली कोपऱ्यात क्षणभर हेलिकॉप्टरची सावली दिसते. वाद घालणाऱ्यांनी या सावलीवरही रान उठवले. खरी गोष्ट अशी की फिल्मवर चित्र अधिक उंच टिपलेले होते आणि थिएटरच्या रुंद पडद्यासाठी त्याचा वरचा-खालचा भाग झाकला जात असे. कॅसेट काढताना तो झाकलेला भाग उघडा पडला. म्हणजे थिएटरसाठी जे कापायचे होते तेच घरातल्या पडद्यावर आले. चूक ठरवण्याआधी आपण कोणत्या चौकटीतून पाहतो आहोत हेही विचारले पाहिजे, ते असे.

तिसरे उदाहरण मात्र वेगळे आहे. मॅनेजरच्या कचेरीत त्याच्या पाठीमागे खिडकी आहे. बाहेर ऊन, झाडे. पण सिनेमाभर कॅमेरा ज्या वाटांनी फिरतो त्या कागदावर काढल्या, तर ती कचेरी इमारतीच्या पोटात येते आणि तिच्या मागून वाट जाते. तिथे बाहेरची खिडकी असूच शकत नाही. आता आमचा पहिला प्रश्न विचारा. खिडकी खुर्चीसारखी सरकत नाही. ती सुताराला बांधावी लागते, मागे झाडे उभी करावी लागतात, ऊन वाटावे म्हणून मोठे दिवे लावावे लागतात. दुसरा प्रश्न विचारा. असा प्रकार एकदाच नाही. बाहेरच्या हिरव्या भुलभुलैयाचा नकाशा, आतले त्याचे छोटे प्रतिरूप आणि वरून दिसणारा भुलभुलैया, या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. आणि तिसरा प्रश्न, साक्षीदार. यान हार्लान हे या सिनेमाचे कार्यकारी निर्माते आणि कुब्रिक यांचे मेहुणे. त्यांनी २०१२ साली एका इंग्रजी वृत्तपत्राला सांगितले की सेट मुद्दामच असा बांधला होता. तो प्रचंड नाचघर त्या इमारतीत मावणारच नाही, आणि प्रेक्षकाला आपण कुठे आहोत हे कळू नये हाच हेतू होता. तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच दिशेला जातात. ही चूक नव्हे, ही युक्ती आहे. वाट चुकलेला माणूस आधीच अर्धा घाबरलेला असतो, हे कुब्रिक यांना ठाऊक होते.

नावाचा घोळही असाच आहे. मॅनेजर सांगतो, खून करणाऱ्या राखणदाराचे नाव चार्ल्स ग्रेडी. पुढे लालभडक न्हाणीघरात तोच माणूस जॅकला भेटतो आणि आपले नाव डेल्बर्ट ग्रेडी सांगतो. लेखक नाव विसरला काय? किंग यांच्या कादंबरीत नाव डेल्बर्टच आहे. म्हणजे 'चार्ल्स' हे नाव कोणीतरी नव्याने घातले. पटकथा कुब्रिक आणि डायन जॉन्सन या कादंबरीकार बाईंनी मिळून लिहिली होती. त्यातच हा ग्रेडी जॅकला म्हणतो की राखणदार तर कायम तूच होतास, आणि शेवटी भिंतीवरच्या १९२१ सालच्या फोटोत जॅकचाच चेहरा दिसतो. एका माणसाचे दोन काळ, दोन नावे, हा धागा सिनेमात उघड आहे. म्हणून हे नाव आम्ही चुकांच्या यादीतून काढून टाकतो.

इथपर्यंत ठीक. पण आता गाडी घसरते कुठे ते पाहा.

२०१२ साली रॉडनी अ‍ॅशर यांनी 'रूम २३७' नावाचा माहितीपट काढला. 'द शायनिंग'मधील विसंगतींवरून अर्थ लावणाऱ्या मंडळींचे म्हणणे त्यात ऐकवले आहे. एक म्हणतो, हा सिनेमा म्हणजे चंद्रावर माणूस उतरल्याचे खोटे चित्रीकरण कुब्रिक यांनी केल्याची गुपचूप कबुली आहे. पुरावा? डॅनीच्या स्वेटरवर अपोलो ११ यानाचे चित्र आहे. शिवाय कादंबरीतील खोली २१७ होती, ती सिनेमात २३७ झाली, आणि चंद्र म्हणे २ लाख ३७ हजार मैलांवर आहे.

तपासून पाहू. चंद्राचे सरासरी अंतर सुमारे २ लाख ३९ हजार मैल आहे, म्हणजे आकडाच जुळत नाही. खोलीचा क्रमांक का बदलला? हॉटेलचे बाहेरचे दृश्य ओरेगॉन राज्यातील टिंबरलाइन लॉज या खऱ्या हॉटेलचे आहे. तिथे २१७ क्रमांकाची खोली आहे. पुढे गिऱ्हाईक त्या खोलीत राहायला घाबरेल म्हणून हॉटेलवाल्यांनी तिथे नसलेला क्रमांक वापरण्याची विनंती केली. चंद्राचा संबंध नाही, धंद्याचा आहे. आणि स्वेटर? लिऑन व्हिटाली हे चित्रीकरणात कुब्रिक यांचे मदतनीस होते, लहान डॅनीला तालीम तेच देत. त्यांनी २०१३ साली सांगितले की स्वेटर हाताने विणल्यासारखा हवा होता. वेशभूषा करणाऱ्या मिलेना कॅनोनेरो यांच्या एका मैत्रिणीने विणलेला मिळाला, तोच घेतला. भिंतीवरच्या चित्रात काहींना बैलाच्या तोंडाचा राक्षस दिसतो. व्हिटाली म्हणाले, मी त्या खोलीत कित्येक आठवडे ते चित्र पाहिले आहे, तो बर्फावरून घसरणारा खेळाडू आहे.

साक्षीदार असे सांगतो तेव्हा ही मंडळी काय म्हणतात? साक्षीदाराला कुब्रिक यांनी सांगितले नसेल. आता बोला! पुरावा मिळाला तर दावा खरा, आणि पुरावा विरुद्ध गेला तरी दावा खराच. जो दावा कशानेच खोटा ठरू शकत नाही, तो आपण कोणत्या रांगेत बसवतो हे वाचक जाणतात. एक माणूस कधी चुकतच नाही असे एकदा मानले, की डोळे असून उपयोग नाही. मग तो देवळातला असो, की कॅमेऱ्यामागचा.

मग अर्थ लावायचाच नाही काय? जरूर लावायचा. पण पुरावा घेऊन. बिल ब्लेकमोर या अमेरिकन पत्रकाराने १९८७ साली लेख लिहून मांडले की या हॉटेलवरचे भूत म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे सांडलेले रक्त आहे. ज्यांच्या जमिनी गोऱ्यांनी घेतल्या आणि ज्यांना मारून टाकले, त्यांचे. हे म्हणणे आम्हाला वजनदार वाटते. कारण त्यासाठी खुर्च्या मोजाव्या लागत नाहीत. मॅनेजर स्वतः वेंडीला आणि जॅकला सांगतो की ही जागा त्या लोकांची दफनभूमी होती म्हणतात, आणि बांधकाम चालू असताना त्यांचे हल्ले परतवावे लागले. तो हे अगदी सहज, हवापाण्यावर बोलावे तसे सांगतो. भिंतींवर नक्षी मात्र त्याच लोकांची. माणसे घालवली आणि त्यांची कला दिवाणखान्यात लावली. हे सिनेमात लपलेले नाही, ऐकू येते आणि दिसते.

दोन्ही पक्षांना आमचे म्हणणे सांगून झाले. पण ही सारी मंडळी खुर्च्या, फळ्या आणि खोल्यांचे क्रमांक मोजत होती, तेव्हा सर्वांत मोठी चूक त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून गेली. ती चूक सामानाची नव्हती.

अमेरिकेत १९८१ साली वर्षातल्या सर्वांत वाईट कामाला थट्टेचा पुरस्कार देण्याची प्रथा सुरू झाली. 'रॅझी' हे त्याचे नाव. पहिल्याच वर्षी सर्वांत वाईट अभिनेत्रीच्या यादीत शेली डुव्हाल यांचे नाव होते, 'द शायनिंग'मधील वेंडीसाठी. बाई नुसती रडते, किंचाळते, असा आक्षेप तेव्हापासून घेतला गेला.

ती का रडत होती, हे कोणी विचारले? कुब्रिक यांच्या मुलीने, व्हिव्हियनने, चित्रीकरणाच्या वेळीच एक छोटा माहितीपट तयार केला होता. त्यात कुब्रिक या बाईंवर सर्वांदेखत चिडताना दिसतात आणि बाई आपले गळलेले केस दाखवतात. महिनोन्महिने, रोज, तासन्‌तास रडण्याची कामे. एकदा रडून झाले की पुन्हा रडा, मग पुन्हा. याच सेटवर लहान डॅनी लॉइडला आपण भयपटात काम करतो आहोत हेसुद्धा कळू दिले नव्हते, इतकी त्याची काळजी घेतली गेली. म्हणजे काळजी कशी घ्यायची हे त्या माणसाला माहीत होते. डुव्हाल यांनी पुढे कुब्रिक यांच्याबद्दल चांगलेही सांगितले, ते प्रेमाने वागत असेही सांगितले आणि काम फार कठीण गेले असेही सांगितले. बाईंनी दोन्ही बाजू सांगितल्या, म्हणून आम्हीही दोन्ही सांगतो. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा, सुजलेले डोळे, थरथरणारा हात यांत अभिनय कुठे संपतो आणि खरा छळ कुठे सुरू होतो, हे आज सिनेमा पाहताना सांगता येत नाही.

२०२२ सालच्या मार्च महिन्यात रॅझीवाल्यांनी डुव्हाल यांचे नाव त्या यादीतून मागे घेतले. चित्रीकरणात त्यांना जी वागणूक मिळाली तिचा त्यांच्या कामावर परिणाम झाला होता, हे त्यांनी मान्य केले. चूक दुरुस्त व्हायला ४१ वर्षे लागली. डुव्हाल तेव्हा हयात होत्या, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. ११ जुलै २०२४ रोजी वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वाचकहो, कामाच्या ठिकाणी हा अनुभव आपल्यातल्या कित्येकांना आहे. वरचा माणूस राबवून घेतो. काम चांगले झाले तर नाव त्याचे, आणि राबणारा मेटाकुटीला आला तर "याला काम जमत नाही" हा शेरा राबणाऱ्याच्या नावावर. 'द शायनिंग'च्या बाबतीत तर त्याहून अजब झाले. दिग्दर्शकाच्या खऱ्या चुकांतही लोकांनी गुप्त ज्ञान शोधले आणि त्या बाईंच्या खऱ्या अश्रूंत चूक शोधली.

तेव्हा चुका जरूर पकडा. मुलांना पकडायला शिकवा, त्याने नजर तयार होते. घरात सिनेमा लागला आणि कोणी ओरडले की "अरे, खुर्ची कुठे गेली?", तर त्याला गप बसवू नका. उलट विचारा, ही खुर्ची आपोआप हलली की कोणी हलवली? एकदाच, की पुन्हा पुन्हा? कोणी पाहिले आहे? आणि हे तीन झाले की चौथा प्रश्नही विचारायला लावा, जो त्या जाणकारांनी चाळीस वर्षे विचारला नाही. पडद्यावरचे माणूस कोणाच्या सांगण्यावरून, काय सोसून हे काम करते आहे? दुसऱ्याच्या कामावर शेरा मारण्याआधी एवढे विचारण्याची सवय मुलांना लागली, तर एका भुताच्या सिनेमाने पुष्कळ दिले असे आम्ही म्हणू.